द्राक्षं दिंडोरीची, डिलिव्हरी रॉटरडॅमला, मग केस कुठल्या कोर्टात? एका रीफर कंटेनरचं प्रकरण

पार्श्वभूमी

मी नाशिकला एक्सपोर्टर लोकांच्या डॉक्युमेंटेशनचं आणि क्लेमचं काम करते. वकील नाही, पण वकिलाकडे जाण्याआधी फाईल बहुतेक वेळा माझ्या टेबलावरून जाते. हे प्रकरण ज्यांचं आहे त्यांची परवानगी घेऊन लिहितेय, नाव-गाव ओळखू येणार नाही एवढी काळजी घेतली आहे. तारखा मात्र ठेवल्यात, कारण या प्रकरणात सगळं तारखांवरच अडलं आणि तारखांवरच सुटलं.

तर हे भाऊ दिंडोरी पट्ट्यातले. स्वतःची बाग, शेजारच्या पंधरा-वीस बागायतदारांचा माल घेतात, छोटं पॅकहाऊस, प्री-कूलिंग चेंबर, आणि दर सीझनला युरोपला मोजके कंटेनर पाठवतात. २०२४ च्या फेब्रुवारीत त्यांनी थॉमसन जातीच्या द्राक्षांचा एक चाळीस फुटी रीफर, म्हणजे माल थंड ठेवणारा कंटेनर, भरला, साधारण तेरा टन माल, पाच किलोच्या पेट्या, सेट टेंपरेचर उणे अर्धा डिग्री. रॉटरडॅमच्या एका इम्पोर्टरशी व्यवहार, भाव सीआयएफ, म्हणजे तिथपर्यंतचं जहाजभाडं आणि विमा भाऊंच्या गळ्यात. वर मिनिमम गॅरंटी, म्हणजे माल चांगला पोचला तरच ठरलेला भाव मिळणार, खराब निघाला की इम्पोर्टर विकून येईल ते पैसे कळवणार. द्राक्षाच्या धंद्यात हे सगळ्यांना माहितीय, आणि खराब मालाचा फटका शेवटी इकडे बागेतल्या माणसालाच बसतो हेही माहितीय.

तो सीझन तसा वाईटच होता. २०२३ च्या नोव्हेंबरपासून लाल समुद्रात येमेनमधल्या हौथी बंडखोरांचे जहाजांवर हल्ले सुरू झाले, मोठ्या शिपिंग लाइन्सनी, म्हणजे जहाज कंपन्यांनी, सुएझ सोडून आफ्रिकेला वळसा घालायला सुरुवात केली, त्यामुळे जो माल तीन-साडेतीन आठवड्यात पोचायचा त्याला पाच आठवड्यांच्या वर लागायला लागले. भाऊंचा कंटेनर २८ फेब्रुवारीला पॅकहाऊसला भरला, ट्रेलरने न्हावा शेवाला गेला, मार्चच्या पहिल्या आठवड्यात जहाज सुटलं, मध्ये एका पोर्टला दुसऱ्या जहाजावर चढवला, आणि ११ एप्रिलला रॉटरडॅमला डिलिव्हरी झाली.

आता कागद. हे नीट वाचा, पुढचं सगळं यावरच उभं आहे. भाऊंनी बुकिंग थेट शिपिंग लाइनकडे केलेलं नव्हतं, मुंबईच्या एका फॉरवर्डरकडे, म्हणजे मालाची वाहतूक ठरवून देणाऱ्याकडे, केलं होतं. पॅकहाऊसच्या दारातून रॉटरडॅमपर्यंत सगळं त्याच्याकडे, ट्रेलर पण त्याचा. त्याने भाऊंना स्वतःच्या नावाचा कागद दिला, वर मोठ्या अक्षरात मल्टिमोडल ट्रान्सपोर्ट डॉक्युमेंट (एकाहून जास्त प्रकारच्या वाहतुकीचा मिळून एक कागद), आणि माल ताब्यात घेतल्याचं ठिकाण नाशिक जिल्हा. शिपिंग लाइनने जो मास्टर बीएल (बिल ऑफ लेडिंग, जहाजावरच्या वाहतुकीचा कागद) काढला त्यात शिपर, म्हणजे माल पाठवणारा, म्हणून फॉरवर्डरचं नाव, भाऊंचं नावच नाही. म्हणजे एकाच कंटेनरवर दोन करार, आणि दोन्हींच्या पाठीमागच्या बारीक अक्षरात कोर्ट वेगळं. लाइनच्या बीएलवर लंडनचं हायकोर्ट आणि इंग्लिश कायदा, फॉरवर्डरच्या कागदावर फक्त मुंबईची कोर्टं.

भाऊंनी दोन्हीपैकी कुठलंच मागचं पान वाचलेलं नव्हतं. यात त्यांना मी दोष देत नाही, सीझनमध्ये माणूस रात्री दोनला पॅकहाऊसवर असतो, त्याने मागचं पान कधी वाचायचं.

काय बिघडलं

कंटेनर उघडला तर पेट्यांमध्ये मणी गळ, देठ तपकिरी, बऱ्याच पनेटमध्ये (पेटीतल्या छोट्या डब्यांमध्ये) बुरशी. इम्पोर्टरने दुसऱ्या दिवशी सर्व्हेअर बोलावला, फोटो काढले, माल परत निवडला, चांगला होता तो स्वस्तात विकला, बाकी टाकला. साधारण एकोणीस लाखांच्या इन्व्हॉइसवर हातात सहा लाखांच्या आसपास आले, शिवाय निवडण्याचा आणि टाकण्याचा खर्च भाऊंच्याच खात्यावर.

भाऊंनी आत तापमान नोंदवणारे दोन डेटा लॉगर टाकले होते, आणि दोन्हींवर एकच गोष्ट दिसत होती. ट्रान्सशिपमेंटच्या, म्हणजे जहाज बदललं त्या, पोर्टला तापमान चढायला लागलं, सात डिग्रीच्या वर गेलं, आणि खाली यायला साधारण अडीच दिवस लागले. म्हणजे कंटेनर यार्डात प्लगवर लावलेला नव्हता किंवा लावून बंद पडला होता. उशीर झाला हे खरं, पण नुसत्या उशिराने एवढं झालं नसतं असं सर्व्हेअरनेही लिहिलं.

विमा होता, पण साधा होता, तापमानाचा धोका वेगळा घ्यावा लागतो तो घेतलेला नव्हता. तो दरवाजा पहिल्याच फोनमध्ये बंद झाला.

मग भाऊंनी जे केलं ते बहुतेक सगळे करतात. कंटेनरवर ज्या लाइनचं नाव रंगवलेलं त्या लाइनला ईमेल. १३ एप्रिलला पहिला ईमेल गेला, नशीब असं की सवयीने सीसीमध्ये फॉरवर्डरला ठेवलं होतं. त्यानंतर पाच महिने लाइनच्या क्लेम डेस्कशी ईमेल-ईमेल चाललं, आज हा कागद द्या, उद्या तो द्या, मग सर्व्हे रिपोर्ट परत पाठवा. सप्टेंबरमध्ये उत्तर आलं की आमच्या बीएलवर तुम्ही पार्टीच नाही, आमचा शिपर फॉरवर्डर आहे, आणि तुमचा क्लेम असलाच तर कलमाप्रमाणे तो लंडनला चालेल.

भाऊ माझ्याकडे आले ते हा ईमेल छापून घेऊन. म्हणाले, ताई, माल आपल्या बागेतला, कंटेनर आपल्या दारात भरला, भाडं मी रुपयात मुंबईला भरलं, यात लंडन आलं कुठून?

लंडन येतं कुठून

प्रश्न बरोबर आहे, म्हणून जरा थांबून सांगते. भारतातून समुद्रमार्गे जाणाऱ्या मालाला तेव्हा १९२५ चा कॅरेज ऑफ गुड्स बाय सी ॲक्ट लागू होता (२०२५ मध्ये संसदेने त्याच्या जागी नवा कायदा केलाय). त्यात वाहतूकदाराची जबाबदारी आहे, भरपाईची कमाल मर्यादा आहे, डिलिव्हरीपासून एक वर्षात दावा लावायचा हे आहे. पण दावा कुठल्या देशातल्या कोर्टात लावायचा याबद्दल त्यात काही नाही. ती जागा रिकामी, आणि रिकाम्या जागेत लाइन आपलं कलम छापते. लंडन कारण सागरी कायद्याचे वकील, विमा, लवाद हे सगळं तिथे दोनशे वर्षांपासून जमलेलं आहे.

असं कलम भारतातली कोर्टं मानतात का, तर हो, बहुतेक वेळा मानतात. १९९० चा सुप्रीम कोर्टाचा निकाल आहे, आफ्रिकेतून कोचीनला कच्चे काजू आले, पोती कमी भरली, केरळच्या काजूवाल्यांनी कोचीनला दावा लावला, बीएलवर इंग्लंडच्या कोर्टाचं कलम होतं, आणि सुप्रीम कोर्टाने सांगितलं की कोचीनच्या कोर्टाला अधिकार नाही. मग २००३ मध्ये क्रिकेटच्या प्रसारण हक्कांच्या एका वादात सुप्रीम कोर्टाने तत्त्वं मांडून दिली: दोन्ही बाजूंनी परदेशातलं एकच कोर्ट ठरवलं असेल तर ते पाळायचं, अगदी अपवादात्मक परिस्थिती असली तरच भारतातल्या कोर्टाने हात घालायचा. तिथे जाणं महाग पडतं एवढं कारण अपवादाला पुरत नाही, कारण सही करताना ते माहीत होतं असं धरलं जातं.

सगळीकडे असंच आहे असं नाही. ऑस्ट्रेलियाने १९९१ च्या कायद्यात लिहून ठेवलंय की आमच्याकडून निघालेल्या मालावर आमच्या कोर्टाचा अधिकार काढून घेणारं बीएलचं कलम चालणार नाही. कॅनडात लोडिंगचं किंवा उतरवण्याचं पोर्ट कॅनडात असेल तर कलम काहीही म्हणो, तिथे दावा लावता येतो. १९७८ च्या हॅम्बर्ग रूल्समध्ये (समुद्री मालवाहतुकीचा आंतरराष्ट्रीय करार) दावेदाराला लोडिंग पोर्ट, उतरवण्याचं पोर्ट, वाहतूकदाराचं मुख्य ऑफिस असे पर्याय दिलेत, पण भारत त्यात नाही. हाच माल विमानाने गेला असता तर मॉन्ट्रियल करार लागला असता, आणि त्यात कुठल्या कुठल्या कोर्टात जाता येईल ते करारातच बांधून दिलंय, एअरलाइनला आपलं कलम घुसवता येत नाही. माझं मत स्पष्ट आहे, जो देश एवढी द्राक्षं, कांदा, आंबा, तांदूळ समुद्रमार्गे पाठवतो त्याने आपल्या शिपरसाठी ऑस्ट्रेलियासारखं एक कलम कायद्यात घालायला हवं होतं.

पर्याय काय काय होते

भाऊंच्या भाच्याने आधीच एका ओळखीच्या वकिलाला विचारून ठेवलं होतं, त्यामुळे आम्ही बसलो तेव्हा टेबलावर पाच रस्ते होते.

पहिला लंडन. वरवर पाहता लाइन स्वतःच सांगतेय की तिथे या. पण भाऊ मास्टर बीएलवर नाहीत, म्हणजे तिथे गेल्यावर पहिला वाद हाच की तुम्ही कोण. क्लेम तेरा-चौदा लाखांचा, तिथल्या सॉलिसिटरची सुरुवातीची फीच त्याचा मोठा तुकडा खाईल, आणि हरलो तर समोरच्याचा खर्च भरायचा. हा खर्चाचा हुकूम लंडनलाच राहतो असं लोकांना वाटतं, तसं नाही. ब्रिटन आपल्या दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ४४ए खाली परस्पर मान्यतेच्या यादीत आहे, तिथल्या वरिष्ठ कोर्टाचा पैशाचा हुकूम इथल्या जिल्हा कोर्टात थेट अंमलबजावणीला लावता येतो. आणि २०१६ मध्ये सुप्रीम कोर्टाने ज्या प्रकरणात सांगितलं की इंग्लंडच्या कोर्टाचा नुसता खर्चाचा हुकूमही इथे वसूल होऊ शकतो, ते प्रकरण नाशिकच्याच एका कंपनीचं होतं, वसुलीचा अर्ज नाशिकच्या जिल्हा कोर्टात होता. हे सांगितल्यावर भाऊ बराच वेळ काही बोलले नाहीत. लंडन तिथेच संपलं.

दुसरा रॉटरडॅम, इम्पोर्टरने तिकडे लाइनवर दावा करायचा. माल तिथे, सर्व्हेअर तिथे, पुरावा तिथे, म्हणून हा पर्याय कागदावर चांगला. पण लंडनचं कलम तिथेही आडवं येणार, आणि मुळात इम्पोर्टरचं काही गेलंच नव्हतं, त्याने आपले पैसे आधीच कापून घेतले होते, तो दुसऱ्यासाठी कोर्टात कशाला जाईल. त्याने नम्रपणे नाही म्हटलं.

तिसरा जहाज पकडायचं. भाच्याचा यावर फार जोर होता. २०१७ चा ॲडमिरल्टी ॲक्ट आहे, मालाच्या नुकसानीचा क्लेम त्यात बसतो, मुंबई हायकोर्टाला तो अधिकार आहे, लाइनचं जहाज न्हावा शेवाला लागलं की अटकेचा हुकूम घ्यायचा, लाइन गॅरंटी भरून जहाज सोडवेल आणि आपली रक्कम सुरक्षित. १९९२ मध्ये सुप्रीम कोर्टाने एम. व्ही. एलिझाबेथ प्रकरणात हा रस्ता रुंद केला, त्या प्रकरणातला माल आपल्या गोव्यातल्या मार्मागोवाहून गेला होता आणि जहाज पकडलं विशाखापट्टणमला. हे सगळं खरं. पण आपल्या प्रकरणात ज्या जहाजावर माल बिघडला ते लाइनच्या मालकीचं की भाड्याचं हेच माहीत नव्हतं, अटक चुकीची ठरली तर नुकसानभरपाईची हमी आपल्याला द्यावी लागते, हायकोर्टातला खर्च वेगळा. दोन-तीन कोटींच्या क्लेमला हे हत्यार ठीक, तेरा लाखांसाठी भाऊंनी घर पणाला लावू नये असं मला वाटलं आणि मी तसं सांगितलं.

मग राहिले दोन, नाशिक आणि मुंबई, दोन्ही फॉरवर्डरविरुद्ध.

निर्णयाची पहिली जागा: लाइन सोडून फॉरवर्डर

इथे तो मल्टिमोडल कागद कामाला आला. ट्रेलर आणि जहाज, दोन प्रकारची वाहतूक, एकच करार, माल भारतात ताब्यात घेतला आणि परदेशात द्यायचा, आणि फॉरवर्डर डायरेक्टर जनरल ऑफ शिपिंगकडे रजिस्टर झालेला मल्टिमोडल ऑपरेटर. म्हणजे १९९३ चा मल्टिमोडल ट्रान्सपोर्टेशन ऑफ गुड्स ॲक्ट लागू. या कायद्यात ऑपरेटर असं म्हणू शकत नाही की माल माझ्या हातात नव्हता, लाइनच्या यार्डात बिघडला, मी फक्त एजंट. पॅकहाऊसपासून डिलिव्हरीपर्यंत जबाबदारी त्याची, पुढे लाइनकडून काय वसूल करायचं ते तो बघेल. लंडनचं कलम त्याच्या आणि लाइनच्या मधलं, भाऊंच्या डोक्यावर ते नाहीच.

आणि समुद्राच्या कायद्यात जी जागा रिकामी आहे ती या कायद्यात भरलेली आहे. कलम २६ सांगतं दावा कुठे लावता येईल: ऑपरेटरचं मुख्य ऑफिस जिथे आहे तिथे, करार जिथे झाला तिथे त्याची शाखा असेल तर तिथे, माल जिथे ताब्यात घेतला किंवा जिथे द्यायचा तिथे, किंवा कागदात लिहिलेल्या ठिकाणी.

पण याच कायद्याने एक मोठा घाव पण घातलाय. मुदत एक वर्ष नाही, नऊ महिने. ११ एप्रिल २०२४ पासून नऊ महिने म्हणजे जानेवारी २०२५ चा दुसरा आठवडा. भाऊ एक वर्ष धरून बसले होते, त्यातले पाच महिने चुकीच्या दारात गेले. मी हिशोब कागदावर मांडला तेव्हा माझ्याच पोटात गोळा आला.

निर्णयाची दुसरी जागा: नाशिक की मुंबई

भाऊंना नाशिकच हवं होतं, आणि कोणाला नको असेल. माल ताब्यात नाशिक जिल्ह्यात घेतला, कलम २६ मध्ये ते ठिकाण स्वच्छ लिहिलेलं, साक्षीदार सगळे पॅकहाऊसचे, तारखेला सकाळी जाऊन दुपारी बागेत. भाचा म्हणाला की कायद्याने दिलेला हक्क कागदाच्या मागच्या पानाने जातो का. चांगला मुद्दा होता, आमच्या वकील मॅडमनाही तो आवडला.

पण त्यांनी दुसरी बाजू मांडली ती अशी. फॉरवर्डरच्या कागदावर फक्त मुंबई लिहिलंय. १९७१ पासून सुप्रीम कोर्टाचा नियम पक्का आहे, दोन भारतीय कोर्टांना अधिकार असेल आणि पार्ट्यांनी त्यातलं एक निवडलं असेल तर ती निवड चालते. त्या प्रकरणात सुद्धा करारात मुंबई होतं आणि ठेकेदाराने बनारसला अर्ज लावला होता. २०१३ मध्ये तर असंही सांगितलं की 'फक्त' हा शब्द नसला तरी चालतं, इथे तर तो शब्दही होता. म्हणजे नाशिकला दावा लावला की फॉरवर्डर पहिलं काम हेच करणार, अधिकाराची हरकत. ती आपण जिंकूही, कलम २६ च्या जोरावर, पण वर्ष-दीड वर्ष त्यातच जाईल, आणि हरलो तर दावा परत मिळणार, मुंबईला नव्याने लावा, तोपर्यंत नऊ महिने कधीच उलटलेले. चुकीच्या कोर्टात गेलेला वेळ वजा करून मिळावा असा अर्ज करता येतो, पण तो या खास कायद्याच्या नऊ महिन्यांना लागेलच अशी खात्री त्या द्यायला तयार नव्हत्या.

मुंबईला फॉरवर्डरचं मुख्य ऑफिस होतं. म्हणजे कलम २६ प्रमाणेही मुंबई बरोबर, मागच्या पानाप्रमाणेही मुंबई बरोबर, हरकत घ्यायला जागाच नाही.

भाऊंना हे पटायला दोन दिवस लागले. त्यांच्या दृष्टीने मुंबई म्हणजे समोरच्याचं मैदान. मी त्यांना एवढंच म्हटलं की भाऊ, आपल्याला कोर्ट जिंकायचं नाही, द्राक्षाचे पैसे आणायचेत, ज्या कोर्टाबद्दल भांडण होणार नाही तिथे पैशाबद्दलचं भांडण लवकर सुरू होतं.

निर्णयाची तिसरी जागा: मुदतीच्या आतली मुदत

हे बऱ्याच वकिलांकडूनही सुटतं म्हणून सविस्तर लिहिते. हा वाद कमर्शिअल कोर्ट्स ॲक्टखाली येतो, आणि त्यात कलम १२ए प्रमाणे तातडीचा अंतरिम हुकूम मागायचा नसेल तर दावा लावण्याआधी मध्यस्थी करावीच लागते, २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने ते सक्तीचं आहे असं स्पष्ट केलंय. मध्यस्थीला तीन महिने, दोघांच्या संमतीने आणखी दोन. तो काळ मुदतीतून वगळला जातो असं कायद्यात आहे, पण तिथे उल्लेख आहे तो लिमिटेशन ॲक्टच्या मुदतीचा, आणि आपले नऊ महिने आले १९९३ च्या वेगळ्याच कायद्यातून. वगळला जाईल की नाही यावर वाद घालता येतो. आम्ही ठरवलं की वाद घालायची वेळच येऊ द्यायची नाही, मध्यस्थी आणि दावा दोन्ही नऊ महिन्यांच्या आत बसवायचं. उलटा हिशोब केला तर हातात जेमतेम एक आठवडा होता.

काय केलं

त्या आठवड्यात चार कामं एकदम झाली. इम्पोर्टरकडून पत्र आणलं. कागदावर माल घेणारा म्हणून त्याचं नाव होतं, आणि मालाची मालकी ज्या कन्साइनीकडे जाते त्याला दाव्याचा हक्क मिळतो, म्हणजे उद्या फॉरवर्डर म्हणणार की हक्क त्याचा आहे, तुमचा नाही. म्हणून त्याने जो काही हक्क असेल तो भाऊंकडे सोपवतोय आणि त्याची हरकत नाही असं लिहून दिलं. दाव्याला नाही म्हणणारा हा माणूस पत्राला मात्र एका दिवसात हो म्हणाला, त्याला काही खर्च नव्हता.

दुसरं, पॅकहाऊसचं रेकॉर्ड. प्री-कूलिंगचे तास, भरतानाचं मण्याच्या आतलं तापमान, बुरशी रोखायला पेटीत ठेवतात त्या एसओटू पॅडचं बिल. समोरचा म्हणणार की माल मुळातच कमजोर होता, त्याला उत्तर हेच. भाऊंच्या सुपरवायझरने वहीत सगळं हाताने लिहिलेलं होतं, त्या मुलाचं मी मनापासून कौतुक केलं.

तिसरं, क्लेमची मांडणी बदलली. भाऊंच्या जुन्या ईमेल्समध्ये उशीर, उशीर, उशीर हेच होतं. पण मल्टिमोडल कायद्यात उशिराची भरपाई मिळते ती बुकिंगच्या वेळी वेळेत डिलिव्हरीमधलं आपलं हित लिहून दिलं असेल आणि ऑपरेटरने ते मान्य केलं असेल तरच, आणि तसं काही नव्हतं. शिवाय आफ्रिकेचा वळसा हा युद्धाच्या धोक्यामुळे, त्याचा दोष कोणावर टाकणं अवघड. म्हणून उशीर बाजूला ठेवला आणि सगळा भर तापमान चढल्याच्या त्या अडीच दिवसांवर दिला. भरपाईची मर्यादा, किलोला दोन एसडीआर (आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशोबाचं एकक) किंवा पेटीला ६६६.६७ एसडीआर यातलं जास्त असेल ते, आपल्या भावाच्या बरीच वर होती, त्यामुळे ती आड आली नाही.

चौथं, मध्यस्थीचा अर्ज मुंबईला विधी सेवा प्राधिकरणाकडे, सप्टेंबर संपायच्या आत. आणि वकील मॅडमनी त्याच वेळी दाव्याचा मसुदा लिहायला घेतला, मध्यस्थी फसली तर दुसऱ्या दिवशी दाखल करता यावा म्हणून.

फॉरवर्डर पहिल्या तारखेला आलाच नाही. दुसऱ्या तारखेला त्याचा मॅनेजर आला आणि म्हणाला की लाइनकडे जा, आम्ही फक्त बुकिंग करून दिलं. मध्यस्थांनी त्याच्याच कागदाचं शीर्षक त्याला वाचायला दिलं. नंतर त्याच्या वकिलांनी त्याला समजावलं असणार, कारण नोव्हेंबरमध्ये सूर बदलला. त्याची स्वतःची अडचण अशी की लाइनविरुद्ध त्याला लंडनलाच जावं लागणार, त्याची एक वर्षाची मुदत एप्रिल २०२५ ला संपणार. त्याने लाइनकडून ईमेलवर मुदतवाढ घेतली, आणि त्याच ओघात कंटेनरच्या मशीनचा डेटाही मागवला, जो भाऊंना पाच महिने कोणी दिला नव्हता. त्या डेटामध्ये वीज नसल्याचे तास आपल्या लॉगरशी जुळले. त्यानंतर कारणावर वाद राहिला नाही, आकड्यावर राहिला.

निकाल

डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात साडेआठ लाखांवर तडजोड झाली, दोन हप्त्यात. कलम १२ए खालची तडजोड लवादाच्या निवाड्याइतकी पक्की असते, म्हणजे हप्ता चुकला तर नव्याने दावा नाही, थेट वसुली. दुसरा हप्ता तीन आठवडे उशिरा आला, पण आला. तडजोड झाली तेव्हा मुदत संपायला तीन-साडेतीन आठवडे शिल्लक होते आणि दाव्याचा मसुदा सहीसाठी तयार होता.

तेरा-चौदा लाखांपैकी साडेआठ. भाऊंना ते कमी वाटलं आणि कमीच आहे. त्यातून वकील फी गेली, आणि बागायतदारांना त्यांनी आधीच स्वतःच्या खिशातून पैसे दिले होते त्याचं व्याज कोणी धरलं नाही. कोर्टात शेवटपर्यंत लढलो असतो तर जास्त मिळालं असतं का, कदाचित, पण किती वर्षांनी. मी तडजोडीच्या बाजूने होते आणि आजही मला ते बरोबर वाटतं.

वेगळं काय करता आलं असतं

सगळ्यात महाग पडले ते एप्रिल ते सप्टेंबरचे महिने. लाइनला ईमेल करणं चूक नव्हतं, फक्त लाइनलाच करणं चूक होतं. समुद्राच्या कायद्यात न दिसणाऱ्या नुकसानीची नोटीस तीन दिवसात, मल्टिमोडलमध्ये सहा दिवसात द्यायची असते, नाहीतर माल ठीक मिळाला असं धरून चालतात आणि ते खोडायचं ओझं आपल्यावर. त्या सीसीमुळे भाऊ वाचले. मी आता सगळ्यांना सांगते की पहिली नोटीस लाइन, फॉरवर्डर, विमा कंपनी तिघांनाही एकाच दिवशी, आणि तिच्यातच मुदतवाढ मागायची. समोरचा ईमेलवर मुदतवाढ देतो, बऱ्याचदा सहज देतो, मागतच कोणी नाही.

लाइनच्या बीएलवरचं लंडनचं कलम आपल्यासारख्या दहा-वीस कंटेनरवाल्याला बदलून मिळणार नाही, त्या नादी लागू नये. आपल्या हातात आहे ते हे की कोणाचा कागद घ्यायचा. फॉरवर्डर नुसता एजंट म्हणून सही करतोय की स्वतः ऑपरेटर म्हणून, हे सहीच्या शिक्क्यात लिहिलेलं असतं. थेट लाइनचा बीएल घेतला तर भाडं थोडं स्वस्त पडतं, पण मग आपण आणि लंडन यांच्या मध्ये कोणी उरत नाही. नाशवंत मालाला मी मल्टिमोडल कागदच घ्यायला सांगते. पण फॉरवर्डरकडे पैसे आहेत का, विमा आहे का, हे बघून, कारण मुंबईचं कोर्ट मिळालं आणि समोरचा माणूस रिकामा निघाला तर उपयोग नाही.

माझीही एक चूक झाली. मशीनचा डेटा मी पहिल्याच पत्रात मागायला हवा होता, मी तो मध्यस्थीपर्यंत मागितला नाही. तो ऑक्टोबरमध्ये हातात असता तर बोलणी साडेआठच्या वर सुरू झाली असती असं मला राहून राहून वाटतं.

आणि नाशिकचा प्रश्न तसाच राहिला. कलम २६ ने दिलेली जागा मागच्या पानावरच्या एका ओळीने काढून घेता येते का, याचं उत्तर आमच्या प्रकरणातून आलं नाही, कारण आम्ही तो प्रश्न कोर्टापुढे नेलाच नाही. ज्याच्याकडे वेळ हातात आहे, मुदतीला धोका नाही आणि क्लेम मोठा आहे, त्याने तो न्यावा असं मला मनापासून वाटतं. दिंडोरी, निफाड, सांगली, तासगाव इथल्या माणसाला आपल्या जिल्ह्यात दाद मागता आली तर कितीतरी छोटे क्लेम जे आज कोणी लावतच नाही ते लागतील.

२०२५ च्या सीझनला भाऊंनी फॉरवर्डर बदलला. बुकिंगच्या आधी त्यांनी मला नव्या कागदाच्या मागच्या पानाचा फोटो पाठवला, कोर्टाच्या ओळीभोवती पेनाने गोल केलेला. तिथे मुंबईच होतं. नाशिक करून द्या म्हणून त्यांनी विचारलं, फॉरवर्डर नाही म्हणाला. पण वेळेत डिलिव्हरीचं हित कागदावर लिहून द्यायला तो तयार झाला, आणि या वेळी विम्यात तापमानाचा धोका घेतला.